पाणी गोठण्याआधीचा शेवटचा शनिवार: मिल लॅक्स की लेक ऑफ द वूड्स?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मिनेसोटात पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो. फराळाचे डबे अजून संपलेले नसतात. बहुतेकांनी बोटी धुऊनपुसून, ताडपत्री घालून ठेवलेल्या असतात. ज्यांनी ठेवलेल्या नसतात त्यांचे फोन याच आठवड्यात येतात: "शेवटचं एकदा मासे गरवायला जायचं का?" जायचं हे ठरलेलंच असतं, वाद असतो तो कुठे जायचं याचा. मिनियापोलिसकडून निघणाऱ्यासाठी खरे पर्याय दोन तळ्यांचे. जवळचा मिल लॅक्स, नाहीतर थेट कॅनडाच्या सीमेवरचा लेक ऑफ द वूड्स आणि त्याला मिळणारी रेनी नदी. मी दोन्हीकडे गारठलो आहे आणि दोन्हीकडून रिकाम्या हातानेही परतलो आहे, म्हणून हे लिहितो.

आधी माशाबद्दल थोडं. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा, 1965 पासून. अंधारात टॉर्च मारली की त्याचे डोळे चमकतात, कारण डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा पडदा असतो. रायगडकडच्या लोकांना हे नवीन नाही, जिताड्याचे डोळेही असेच चमकतात. या पडद्यामुळे वॉलआयला अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यात त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. पुढची सगळी तुलना या एका गोष्टीवर उभी आहे. एका तळ्याचं पाणी काचेसारखं आहे, दुसऱ्याचं कोऱ्या चहासारखं.

आणि ऋतूबद्दल. उन्हाळ्यात तळ्यात वर कोमट आणि खाली थंड असे थर असतात. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन जड होतं, थर मोडतात आणि वारा सगळं तळं ढवळून काढतो. त्या दोन-तीन आठवड्यांत मासे विखुरतात आणि माणसं वैतागतात. नोव्हेंबरपर्यंत हे उरकलेलं असतं. पाणी चाळिशीत, म्हणजे फॅरनहाइटमध्ये. 39 अंशाला ते सर्वांत जड होतं, त्याच्या खाली वरचा थर हलका होऊन तरंगतो आणि एखाद्या निवांत रात्री गोठतो. थंडीचा अर्थ मासा जेवत नाही असा नाही. फक्त आमिषामागे धावायची त्याची तयारी कमी होते. म्हणून सगळं सावकाश करायचं, तुम्हाला सावकाश वाटतंय त्याहूनही सावकाश.

मिल लॅक्स: रात्रीचा खेळ

अंतर साधारण 100 मैल, 169 नंबरच्या रस्त्याने दोन तासांच्या आत. दुपारचं जेवून निघालं तरी अंधाराआधी बोट पाण्यात जाते. हा त्याचा पहिला गुण आणि नोकरदार माणसासाठी निम्मा निर्णय इथेच होतो.

तळं सुमारे 1,32,000 एकरांचं, गोलसर, आणि एवढ्या पसाऱ्याला खोली जेमतेम 42 फूट. परातीत पाणी ओतल्यासारखं. बेटं म्हणावीत तर दोन खडक, त्यांचं मिळून अमेरिकेतलं सर्वांत छोटं राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य केलंय, अर्ध्या एकराहून किंचित मोठं. थोडक्यात, वारा सुटला तर आडोसा नाही.

2005 साली इथे झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात आणि पाणी अधिकाधिक स्वच्छ होतं. दिसायला छान, पण वॉलआयला दिवसाचा लख्ख उजेड नको असतो. त्यामुळे इथे नोव्हेंबरमध्ये दिवसा गरवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा, आणि अंधार पडल्यावर वेगळंच तळं. याच दिवसांत टलिबी नावाचा चंदेरी मासा उथळ दगडांवर अंडी घालायला येतो आणि त्याच्यामागे वॉलआयच्या मोठ्या माद्या येतात. गॅरिसनच्या बाजूच्या दगडी उंचवट्यांवर सहा ते दहा फूट पाण्यात, पाच इंची लांबुळकं कृत्रिम आमिष बोटीमागे ओढत न्यायचं. वेग ताशी दीड मैलाच्या आसपास. मोटरचा आवाज, तंगुसावर साचणारा बर्फ, आणि मग एकदम कुणीतरी काठीला ओली गोणी बांधावी तसा जडपणा. उन्हाळ्यातल्यासारखा झटका बसत नाही.

संख्या मात्र विसरा. एका रात्रीत दोन मासे लागले तर मी समाधानी परततो, पण त्यातला एक आयुष्यातला सर्वांत मोठा असू शकतो.

आता नियम, जे इथे खरोखर गुंतागुंतीचे आहेत. 1837 च्या कराराने ओजिब्वे या इथल्या आदिवासी लोकांनी जमीन दिली पण मासेमारीचा हक्क राखला, आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. तेव्हापासून वर्षाला किती वॉलआय काढता येतील हे ठरवून तो वाटा ओजिब्वे जमाती आणि राज्य यांच्यात विभागला जातो. म्हणून घरी किती न्यायचे, किती लांबीचे न्यायचे हे दरवर्षी बदलतं, कधी हंगामाच्या मध्येच. 2016 चा उन्हाळी हंगाम तर प्रत्येक वॉलआय परत सोडायच्या नियमाने सुरू झाला. रात्रीच्या वेळेवरही काही वर्षी बंधनं होती. निघायच्या आदल्या दिवशी डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, संकेतस्थळावर बघायचं. मित्राने गेल्या वर्षी काय सांगितलं होतं ते कामाचं नाही.

लेक ऑफ द वूड्स: दिवसाची मजुरी, भरलेली पाटी

बॉडेट गाव मिनियापोलिसपासून पावणेतीनशे मैलांच्या आसपास, पाच तास धरा. नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचाही काळ, त्यामुळे शेवटचे शंभर मैल संध्याकाळी चालवताना नजर रस्त्याच्या कडेला हवी. मुक्काम अटळ. आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की खोल्या नारिंगी जाकिटवाल्यांनी भरतात, तळी मात्र ओस पडतात. गावात विली नावाचा चाळीस फुटी वॉलआयचा पुतळा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर फोटो काढल्याशिवाय सुटका नाही.

इथलं तळं तीन प्रदेशांत पसरलंय, मिनेसोटा, ओंटारिओ आणि मॅनिटोबा, बेटं 14,000 हून जास्त. पण आपल्या कामाचा तुकडा छोटा आहे: रेनी नदीचं मुख, फोर माइल बे ही खाडी, आणि तिथून मोठ्या पाण्यात उघडणारी लाइटहाउस गॅप ही वाट. शरद ऋतूत एमराल्ड शायनर नावाच्या बोटभर लांब माशांचे थवे तळ्यातून नदीत शिरतात आणि वॉलआय त्यांच्या पाठोपाठ. पाणी तपकिरी, म्हणून दिवसाढवळ्या लागतात. अंधाराची वाट बघायची नाही, सहा तास उजेड पुरे.

पद्धत आपल्या कोकणातल्या होडीवरून गरवण्याच्या जवळची. नांगर टाकायचा, पाव औंसाची शिशाच्या डोक्याची गरी, तिला गोठवलेला शायनर, तळाला टेकवायची आणि वीतभर उचलून पुन्हा ठेवायची. मालवणात हातात तंगूस धरून बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. गरीचा रंग सोनेरी की गुलाबी यावर लोक तासभर भांडतात. मला वाटतं सावकाश उचलणाऱ्याला कुठल्याही रंगावर मिळतो. वॉलआयबरोबर त्याचा लहान भाऊ सॉगरही लागतो, तोही चवीला तितकाच चांगला.

नियम मिल लॅक्सच्या मानाने स्थिर आहेत. मिनेसोटाच्या बाजूला गेली अनेक वर्षं वॉलआय आणि सॉगर दोन्ही मिळून सहा, त्यात वॉलआय जास्तीत जास्त चार, आणि साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय पाण्यात परत. तरी निघण्याआधी एकदा तपासाच. आपल्या लोकांना एक सवय असते, मासा वर आला की लगेच साफ करायचा. लांबीचा नियम असलेल्या पाण्यात ते करू नका. डोकं, शेपूट, पर जागेवर हवेत, अधिकाऱ्याला मोजता आला पाहिजे.

दुसरी सूचना व्हिसावर असलेल्यांसाठी. आंतरराष्ट्रीय सीमा पाण्याच्या मधोमध जाते आणि तिथे कुंपण नाही. पलीकडे गरवायला ओंटारिओचा परवाना लागतो, आणि तिकडे नांगर टाकलात तर कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जीपीएसवरची रेषा बघत राहा. दोन वॉलआयसाठी इमिग्रेशनच्या फॉर्मवर स्पष्टीकरण लिहायची हौस कुणाला?

वारा, बर्फ आणि आपला जीव

इथवर वाचून उत्तरेकडे कल झाला असेल तर थांबा. थंडीची लाट येते तेव्हा वारा बहुधा वायव्येचा असतो. मिल लॅक्सवर अशा वेळी पश्चिम किनारा निवाऱ्याला राहतो, म्हणजे गॅरिसनच्या जवळपास किनारा धरून काहीतरी करता येतं. बॉडेटची बाजू मात्र तळ्याच्या दक्षिणेला. तोच वारा मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावरून धावत थेट तुमच्या अंगावर येतो, आणि उथळ तळ्याच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. अशा दिवशी गॅपच्या बाहेर जायचंच नाही. पण तिथे एक सोय आहे जी मिल लॅक्सला नाही: नदी. तळं उसळत असलं तरी रेनी नदीत दोन्ही काठांच्या झाडीच्या आडोशाने गरवता येतं. पाच तास गाडी हाकून खोलीत पत्ते कुटत बसायची वेळ त्यामुळे सहसा येत नाही.

बर्फाचं गणित उलटं आहे. उथळ खाडी आधी गोठते, मोठं पाणी उशिरा. फोर माइल बेला एखाद्या निवांत रात्रीत पापुद्रा धरतो, मिल लॅक्स त्यानंतरही बरेच दिवस मोकळा असू शकतो. धक्क्याच्या फळ्या तर दोन्हीकडे ऑक्टोबरातच उचललेल्या असतात, म्हणून गुडघ्याच्या वर येणारे बूट घ्या. मिल लॅक्सवर एका रात्री आमच्या ट्रेलरमधून निथळलेलं पाणी उतारावरच गोठलं आणि बोटीसकट गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसली. तेव्हापासून गाडीत वाळूची पिशवी असते. बोट बाहेर काढल्यावर मोटर थोडा वेळ उभी खाली सोडून आतलं पाणी निथळू द्या, आणि तळाचं बूच काढून गाडी हाका. बूच काढणं हा इथला कायदाही आहे, आणि पाणी निथळू देणं तुमच्या मोटरच्या भल्याचं.

पाण्यात पडलात तर 1-10-1 हा हिशेब लक्षात ठेवा: पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती जेमतेम दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. पोहता येणं इथे उपयोगाचं नाही, लाइफ जाकीट अंगात असणं उपयोगाचं आहे. सीटखाली ठेवलेलं कायद्याला चालतं, दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र घालावंच लागतं. या महिन्यात मी ते गाडीतून उतरतानाच घालतो. मिल लॅक्सवर रात्र असते आणि आसपास दुसरी बोट नसते, म्हणून एकट्याने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक बारीक मुद्दा, जो फारसा कुणी सांगत नाही. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या वॉलआयची हवेची पिशवी फुगते आणि सोडलेला मासा बऱ्याचदा तगत नाही. लांबीच्या नियमामुळे सोडावाच लागणार असेल तर इतक्या खोलात गरवूच नये. मिल लॅक्सवर रात्री उथळ पाण्यात हा प्रश्न येत नाही.

बोटच नसेल तर? मग तिसरा पर्याय, घराजवळचं तळं. दोन तळ्यांना जोडणाऱ्या पुलाखाली, जिथे थोडा प्रवाह असतो तिथे, अंधार पडल्यावर काठावरून आमिष फेकायचं. दीड तासात घरी. हात रिकामे राहण्याची शक्यता मोठी, खर्च शून्याच्या जवळ.

माझं म्हणाल तर मी तारीख बघून ठरवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस मोकळे असतील, बरोबर नवखा माणूस किंवा मुलं असतील आणि घरी रवा लावून तळायचे तुकडे हवे असतील, तर बॉडेट. वॉलआयला काटे फार नसतात, चव सौम्य, मसाला नीट चढतो. जिताड्याची सर नाही, पण हजारो मैलांवरून आलेल्या गोठवलेल्या सुरमईपेक्षा कितीतरी बरा. दहा तारखेच्या पुढे, किंवा एकच संध्याकाळ मिळत असेल, किंवा स्वयंपाकापेक्षा एका मोठ्या माशाचा नाद असेल, तर मिल लॅक्स, वारा ताशी दहा मैलांच्या आत असलेली रात्र निवडून. वाऱ्याचा अंदाज पंधराच्या वर असेल तर तिकडचा विचार सोडा. उत्तरेला नदी तरी आहे.

बॉडेटहून येताना गोठवलेल्या शायनरचं उरलेलं पाकीट घरी आणलंत तर फ्रीझरमध्ये ठेवताना त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडे ते ओल्या खोबऱ्याच्या पाकिटाशेजारी होतं, आणि नारळीभात करायला घेतला होता सासूबाईंनी.