फॉर्म्युला अद्ययावत करणारी होमब्रूची कमांड

होमब्रू या मॅक आणि लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांड-लाइन इन्स्टॉलरमध्ये पॅकेजची व्याख्या रुबी भाषेतील एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते. तिला फॉर्म्युला म्हणतात. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की या फाइलमधील डाउनलोडचा पत्ता आणि ६४ अंकाक्षरांचा 'एसएचए-२५६' चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा संकेत), दोन्ही बदलावे लागतात. पत्ता बदलून चेकसम जुनाच ठेवला, तर इन्स्टॉलर डाउनलोड नाकारतो, आणि ते योग्यच आहे. 'ब्रू बंप-फॉर्म्युला-पीआर' ही कमांड नवी फाइल उतरवून तिचा चेकसम स्वतः काढते, फॉर्म्युला दुरुस्त करते आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्टही (बदल स्वीकारण्याची विनंती) उघडते. 'ड्राय-रन' हा पर्याय दिल्यास ती काय करणार आहे ते आधी पाहता येते, आणि मला तोच तिचा सर्वांत उपयुक्त भाग वाटतो. मात्र नव्या आवृत्तीला एखादी जास्तीची लायब्ररी लागत असेल, तर तिची नोंद सहसा हातानेच करावी लागते. चेकसम जुळल्याने फाइल तीच असल्याची खात्री होते, प्रोग्राम चालण्याची नव्हे; त्यामुळे सोर्स कोडपासून प्रोग्रामची बांधणी करून 'ब्रू टेस्ट' ही चाचणीची कमांड चालवण्याचे काम मी या कमांडवर सोपवत नाही.