संभाजीनगरात भाड्याची बुलेट अन् सोबत दुकानदाराचा प्लॅन: घ्यावा का?

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत. आम्ही दोघं लातूरचे, घरची गाडी घेऊन निघालं तर संभाजीनगर येईपर्यंतच कंबर जाते, म्हणून एसटीनं आलो अन् इथं साडेतीनशे सीसीची बुलेट भाड्यानं घेतली.

गाडी ठीकठाक. टायर नवे, ब्रेक चांगले, नंबर प्लेट काळी त्यावर पिवळी अक्षरं, हे आधी बघाच, पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी भाड्यानं देत असेल तर तिथून निघा सरळ. हेल्मेटला मात्र असा वास की आतून रुमाल बांधून घालावं लागलं. डिपॉझिट घेताना लई गोड बोलतात, परत देताना "भाऊ संध्याकाळी टाकतो" अन् ती संध्याकाळ तिसऱ्या दिवशी उगवली.

पण पैसे खरे वसूल झाले ते दुकानदाराच्या फिरायच्या प्लॅनमध्ये. गाडीसोबत फुकट देतात, व्हॉट्सॲपवर, अन् बनवणारा स्वतः गाडी चालवणारा आहे हे लगेच कळतं. दौलताबाद सकाळी, ऊन चढायच्या आत, कारण किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, ओलांडून वरपर्यंत चढायचं म्हणजे दुपारी जीव जातो. १३२७ ला तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं का आणली ते खंदक अन् तासलेला कडा बघितला की समजतं. मग घाटातून खुलताबाद, घाटातल्या दिल्ली गेटमध्ये समोरून ट्रॅव्हल्स आली की थांबून घ्या, तिथं घाई नको. भद्रा मारुती, औरंगजेबाची साधी उघडी कबर, मलिक अंबरचा मकबरा, सगळं जवळजवळ, आणि खाजा खायचा राहू देऊ नका.

वेरूळ मुद्दाम दुपारनंतर ठेवलंय. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं चारच्या पुढं कैलास लेण्यावर, म्हणजे १६ नंबरवर, जे ऊन येतं ना, सकाळी गेलेल्याला ते मिळतच नाही. आम्ही आधी बाजूच्या टेकडीवरून वरून बघितलं अन् मग खाली उतरलो, वरून खालपर्यंत एकाच दगडात कोरलंय हे तेव्हा डोक्यात शिरतं. १६ नंबर सोडून बाकी ३३ पण आहेत बरं का, लोक कैलास बघून पळतात.

आता शिवी. आमच्या प्लॅनमध्ये वेरूळ मंगळवारी टाकलेलं! मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे इथल्या पोराटोराला माहितीये, अन् धंदा करणाऱ्याला नाही? कधीतरी बनवलेला प्लॅन तारीख न बघता सगळ्यांना फॉरवर्ड करतात, दुसरं काय. फोन केल्यावर बदलून दिला, पण बाहेरच्या माणसाला कळलंच नसतं, तो गेटपर्यंत जाऊन परत आला असता.

अजिंठ्याचा दिवस बरोबर बसवला होता. शंभर किलोमीटर, पहाटे निघायचं, सिल्लोडला नाष्टा, आणि घाट उतरायच्या आधी व्ह्यू पॉईंटचा फाटा. वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा अन् त्यावर रांगेनं लेणी, १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी याच बाजूनं दिसली म्हणतात. पावसाळ्यानंतर गेलात तर हिरवंगार. खाली मात्र गाडी फर्दापूरच्या टी पॉईंटलाच लावावी लागते, पुढं एसटीची बस, अन् हे प्लॅनमध्ये नव्हतं. बॅगा गाडीला बांधलेल्या, सोडून जायचं कसं? आम्ही पार्किंगवाल्याशी बोलून, कुलूप लावून गेलो, सगळा वेळ एक डोळा पद्मपाणीच्या चित्रावर अन् एक मन बॅगांकडं.

तर पाच पैकी साडेतीन. गाडी घ्या, प्लॅन पण घ्या, पण वार स्वतः तपासा अन् निघायच्या आधी गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टाकीवरचा जुना ओरखडा आमच्या नावावर घालत होते. आणि सॅडलबॅग मागितली तर काळी घेऊ नका, तिची चेन लागत नाही.