अर्जातून खोडलेली ओळ: पालक मदत केंद्राचा अनुभव

माझी मुलगी पाचवीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते. जूनमध्ये तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला आणि शाळेला लिफ्ट नाही. रोज सकाळी मी तिला कडेवर घेऊन वर सोडायचे. मधल्या सुट्टीत सगळी मुलं खाली पळायची, ही वर्गात एकटी डबा खायची. शाळेचं उत्तर ठरलेलं, "जमेल तेव्हाच पाठवा."

फिजिओथेरपीच्या ताईंनी इथे पुण्यातलंच हे केंद्र सुचवलं. दिव्यांग मुलांच्या पालकांनीच चालवलेलं, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी उतार. फी नाही.

वर्ग खाली आणावा म्हणून शाळेला द्यायचा अर्ज मी घरून लिहून नेला होता. शेवटी "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती." तिथल्या काकूंनी पेन काढलं आणि ती ओळच खोडली. "सहानुभूती कशाला मागतेस? हक्क आहे तिचा." मग शेजारी बसवून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १६ वाचून दाखवलं. शाळेला सरकारी अनुदान असो वा नुसती मान्यता, इमारत दिव्यांग मुलांना वापरता येईल अशी करायची आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय द्यायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. चार वर्षं मी नुसते शाळेचे आभार मानत होते.

मग काकू लेकीकडे वळल्या. "तुला काय हवंय गं?"

"मधल्या सुट्टीत मैदानावर जायचंय."

ते वाक्य जसंच्या तसं अर्जात गेलं. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

अर्ज दोन प्रतींत, सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय शाळेतून हलायचं नाही, असं बजावलं. मुख्याध्यापकांच्या भेटीला काकू सोबत आल्या, पण बोलू मलाच दिलं. मी अडखळले की नेमका कागद पुढे सरकवायच्या. तीन आठवड्यांत वर्ग खाली आला.

केंद्र फक्त शनिवारी उघडं असतं, हे फार अपुरं आहे. फोन लागत नाही. पहिल्यांदा अडीच तास थांबले, लेक कंटाळून रडायला आली. अर्जाचे नमुने छापून ठेवले तरी लांबून येणाऱ्यांची एक खेप वाचेल.

शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराशी पायरी अजून आहे. दिवाळीच्या सुट्टीत काढू म्हणालेत. काकू म्हणाल्या, तेही लेखी घे, नाही झालं तर दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ. येत्या शनिवारी दुसरा अर्ज घेऊन जातेय. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर नंबर लावा.