गाडी चेन्नईला पोहोचलीच नाही: १५,६०० रुपये गेले आणि मोटरसायकलही गेली

तात्पुरत्या कामासाठी परराज्यात निघालेल्या आणि आपली दुचाकी ट्रान्सपोर्टने पाठवायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे १५,६०० रुपये गेले आणि साठ हजारांची मोटरसायकल गेली. एवढे दिवस लाजेने गप्प होतो. आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण परवा आमच्याच साइटवरच्या एका पोराने पाटण्याहून गाडी मागवायला तसलंच कोटेशन घेतलेलं पाहिलं आणि डोकं फिरलं.

मी चिंचवडचा. मशीन उभारणी आणि कमिशनिंगचं काम कंत्राटावर करतो. या वेळी नऊ महिन्यांचं काम निघालं ते चेन्नईबाहेर, श्रीपेरंबुदूर-ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात. तो भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. हायवेवर बस मिळते, पण आतल्या कारखान्यातून रात्रपाळी सुटली की खोलीवर जायला काही मिळत नाही. कायम कामगारांना कंपनीची बस, कंत्राटी माणसाचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे गाडी हवीच. तिकडे जुनी घ्यायची तर फॉर्म २९, फॉर्म ३०, नावावर करून घेण्याचा खेटा, आणि नऊ महिन्यांनी तोट्यात विकताना पुन्हा तोच व्याप. स्वतःची नेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांपर्यंत दुसऱ्या राज्यात नवा नंबर घ्यावा लागत नाही. हे सगळं मी आधी वाचून काढलं होतं. उठलो आणि कुणालाही पैसे दिले, असं झालेलं नाही.

रेल्वेचीही चौकशी केली होती. पार्सल ऑफिसमध्ये आरसी आणि विम्याची झेरॉक्स, ओळखपत्र न्यायचं, गाडी पॅक करून घ्यायची आणि पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करायची. टाकीत पेट्रोल असलं तर ते गाडी घेतच नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. रेल्वे सोडली कारण गाडी नेमकी कधी पोहोचेल ते कोणी सांगेना, आणि चेन्नईच्या स्टेशनवरून वेळेत सोडवली नाही तर वर दंड. मला सोमवारी साइटवर हजर व्हायचं होतं, घर आवरायचं होतं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. अशा वेळी घरून गाडी उचलून दारात आणून देतो म्हणणारा माणूस बरा वाटतो. ज्यांना हे मूर्खपणाचं वाटतं त्यांनी एकदा आठवड्याच्या नोटिशीवर बिऱ्हाड हलवून बघावं.

नेटवर एका ठिकाणी नंबर टाकला आणि तासाभरात फोन सुरू झाले. एकाने ७,५०० सांगितले, दुसऱ्याने ८,२००. तिसऱ्याने ५,४००, सगळं धरून, दारापासून दारापर्यंत. नाव एका मोठ्या कंपनीच्या नावासारखंच, एक शब्द मागेपुढे केलेला. लेटरहेडवर कोटेशन, जीएसटी नंबर, वाकडचा पत्ता. बुकिंगचे ५०० रुपये यूपीआयने भरले. पैसे गेले ते कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या नावावर. यूपीआय पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवतं. ते नाव वाचा, आणि कंपनीच्या जागी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यासमोर येतो.

गाडी न्यायला टेम्पो आला नाही, एक पोरगा आला. टेम्पो गोडाऊनला आहे, पॅकिंग तिथेच होतं, म्हणाला. यात मला वावगं वाटलं नाही, कारण खरे ट्रान्सपोर्टवालेही बऱ्याचदा गाडी चालवतच गोडाऊनला नेतात. मी पाच लिटरचा कॅन आणि नळी घेऊनच खाली उतरलो होतो, टाकी रिकामी करायला. तर तो म्हणाला, "राहू द्या साहेब, पेट्रोल असू द्या. आम्ही तिकडे काढतो." मी म्हटलं, निम्मी टाकी भरलेली आहे, एवढं कशाला? तर म्हणे, "असू द्या, असू द्या."

ज्याला जवळजवळ बाराशे किलोमीटर ट्रकमध्ये गाडी न्यायची आहे, तो टाकीत पेट्रोल राहू देईल का? बंद ट्रकमध्ये दहा गाड्या, घरांचं सामान, गाद्या आणि त्यात निम्मी भरलेली टाकी? गोडाऊनपर्यंत जायला पावशेर पेट्रोल पुरतं. त्याला ते पेट्रोल हवं होतं कारण गाडी चालवायचीच होती. रेल्वेच्या माणसाने मला दोनच दिवस आधी कारणासकट सांगितलं होतं. कॅन हातात होता. आणि मी तो कॅन भिंतीशी ठेवून दिला.

त्याने दिलेल्या बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, जीएसटी नंबर ०६ ने सुरू होत होता. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, तामिळनाडूचा ३३. स्पेअर पार्टची बिलं तपासताना हे आकडे माझ्या नजरेखालून जातात. मी विचारलंसुद्धा. "हेड ऑफिस गुरुग्रामला आहे." हरियाणाचा कोड ०६च, म्हणजे उत्तर जुळलं. पण महाराष्ट्रात शाखा असेल तर इथली वेगळी नोंदणी लागते, म्हणजे २७चा नंबर हवा, हे तेव्हा सुचायला हवं होतं. तेवढ्यात वरून हाक आली, आईच्या दवाखान्याचा फोन होता. मी २,५०० रुपये पाठवले, किल्ली दिली, पोरगा गेला. उरलेले २,४०० गाडी हातात आल्यावर द्यायचे ठरले. नंतर जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकून पाहिला. कापडाच्या कुठल्या तरी धंद्याची नोंदणी, तीही रद्द झालेली. ही तपासणी फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. किल्ली देण्याआधी करा.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना माहीतच असेल. मी चेन्नईला पोहोचलो आणि फोन आला, "सर, ट्रान्झिट इन्शुरन्स करना पडेगा, तीन परसेंट, रिफंडेबल है." साठ हजारांवर १,८०० रुपये. भरले. खरं तर दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसान मुळातच धरलेलं असतं. स्वतःची पॉलिसी काढून वाचा, कोणी आपणहून सांगत नाही.

मग दुसरा फोन. गाडीच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी भरल्याशिवाय ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) निघत नाही, १०,८०० रुपये, गाडी मिळाल्यावर परत. मी फोनवर भांडलो. गाडी माझीच, विकलेली नाही, तर तिच्या किमतीवर कर कसला? कर लागला तर तुमच्या भाड्यावर लागेल. शिवाय वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलातून सूटच आहे. तो शांतपणे म्हणाला, ठीक आहे, गाडी गोडाऊनला राहील, दिवसाला ५०० रुपये पार्किंग. इकडे मी रात्रपाळीनंतर खोलीवर जायला रोज २५० रुपये रिक्षाला मोजत होतो, भाषा येत नव्हती, नव्या साइटवर सुट्टी मागायची सोय नव्हती. गाडी त्यांच्या ताब्यात होती. मी आधी ५,०००, मग ५,८०० पाठवले. लोभाने नाही, अडकलेली गाडी सोडवायला पाठवले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पोलीस ठाण्यात मला "स्वस्ताच्या नादात" असं ऐकावं लागलं.

तिसरी मागणी आली तामिळनाडूच्या एंट्री टॅक्सची आणि आरटीओच्या एनओसीची (ना-हरकत दाखल्याची), ६,५०० रुपये. गाडी सीमेवर अडकलीय म्हणे. एंट्री टॅक्स आणि जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, आणि नऊ महिन्यांसाठी एनओसी लागत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि पैसे द्यायला साफ नकार दिला. आधी शिव्या, मग फोन बंद.

मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. ज्यांचे पैसे नुकतेच गेलेत त्यांनी घटकाभरही वाया घालवू नका, लगेच १९३० लावा, कारण पैसे त्या खात्यातून पुढच्या खात्यात उडायला वेळ लागत नाही. माझ्या बाबतीत खात्यात ३१२ रुपये सापडले तेवढे गोठवले. ते परत मिळवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. माझ्या बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?

आणि पोलीस. चेन्नईकडच्या ठाण्यात गेलो तर बुकिंग महाराष्ट्रात, गाडी महाराष्ट्रात दिली, तिकडे जा. इकडे मेव्हण्याला पाठवलं तर गाडीमालक स्वतः हवा. तो वाकडच्या पत्त्यावरही जाऊन आला, तिथे दुधाची डेअरी आहे. मग बिनपगारी रजा काढून मीच आलो. साहेब म्हणाले, किल्ली तुम्ही स्वखुशीने दिलीत, मग चोरी कशी? हा आपसातला व्यवहार, दिवाणी बाब आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायला हवा. मी कलमाचा कागद समोर ठेवला. उत्तर मिळालं, "कायदा आम्हाला शिकवू नका." अर्जावर पोहोचेचा शिक्का मारला आणि बाहेर बसवलं. बनावट नाव, बनावट जीएसटी नंबर, बनावट पत्ता, खोटे कर दाखवून उकळलेले पैसे, आणि हे दिवाणी? मग फौजदारी कशाला म्हणायचं?

विमा कंपनी म्हणते एफआयआर आणा. ठाणं म्हणतं एफआयआर होत नाही. कंत्राटदार म्हणतो, परत कधी येताय, नाहीतर दुसरा माणूस पाठवतो. मधल्या मधे माणसाने करायचं काय?

त्यातच मोबाइलवर ई-चलान आलं, माझ्याच गाडीचं. हेल्मेट नाही, पुणे-नगर रस्ता. फोटोत माझी गाडी, माझ्या हाताने लावलेला लेगगार्ड, आणि वर दोन अनोळखी पोरं. तारीख पाहिली तर ज्या दिवशी मला गाडी तामिळनाडूच्या सीमेवर अडकलीय म्हणून ६,५०० मागत होते, तोच दिवस. गाडी जिल्ह्याबाहेर गेलीच नव्हती. वेळ, ठिकाण, चेहरे, सगळं सरकारच्याच कॅमेऱ्यात होतं. मी धावत ठाण्यात गेलो, आता तरी शोधतील म्हणून. तिथे मला सांगण्यात आलं, "आधी चलान भरून टाका." चोरांनी फिरवलेल्या गाडीचा दंड मी भरायचा! त्या दिवशी माझा तोल सुटला, मी ओरडलो, आणि मलाच दम मिळाला.

दंडाचं एक वेळ सोडा. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर? कायद्याच्या लेखी आरसीवर ज्याचं नाव तो मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात, गाडी विकून हातोहात पुढे गेलेली असतानाही, नोंदीवरच्या मालकालाच जबाबदार धरलं होतं. म्हणून अशी गाडी गेली की त्याच दिवशी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, पोहोच घ्या. मूळ आरसी कुणालाही देऊ नका, मी झेरॉक्सच दिली होती, तेवढं एक वाचलं.

शेवटी एका ओळखीच्या वकिलाने वाट दाखवली. ठाणं ऐकत नसेल तर त्याच कलम १७३ च्या पोटकलम ४ खाली वरच्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते, तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. मी पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने सगळं पाठवलं, चलानाच्या फोटोसकट. त्यानंतर त्याच ठाण्यातून फोन आला आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ (फसवणूक) आणि ३१६ (विश्वासघात) या कलमांखाली गुन्हा नोंद झाला. जो अर्ज दिवाणी होता तोच. मधे गेलेल्या दिवसांत गाडीचे भाग सुटे करून विकले गेले असतील तर त्याचा जाब कोण देणार?

आणखी एक. ट्रान्सपोर्टवाला खरा असो वा खोटा, २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. मी दिली. पाकीट शेरा मारून परत आलं, ते फोडू नका, तसंच ठेवा, पुरावा आहे. विमा कंपनीने आता लिहिलंय की गाडी विश्वासाने सोपवली होती, म्हणजे चोरी नव्हे, दावा नामंजूर. तिची तक्रार विमा लोकपालाकडे टाकतोय. आधी कंपनीकडे लेखी तक्रार लागते, ती केली आहे, उत्तराची वाट बघतोय.

गाडी काळी, १५० सीसी, एमएच १४, टाकीच्या डाव्या बाजूला पोचा, पुढे वेल्डिंग केलेला लेगगार्ड. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात अशी गाडी बेवारस किंवा भंगारवाल्याकडे दिसली तर ११२ ला कळवा. गुन्हा नोंद आहे, आता कोणी नाही म्हणू शकत नाही.