धनुष्य विमानातनं न्यायचंय: हार्ड केस, मोठी सुटकेस, गोल्फची बॅग, का तिथंच भाड्यानं?

मागच्या रविवारी दाजींचा फोन. जूनमध्ये साऊथ आफ्रिकेला चाललेत, तिथल्या लिंपोपो प्रांताकडं, कुडू (मोठं आफ्रिकी हरीण) मारायचं डोक्यात बसलंय, आणि पहिला प्रश्न काय तर "काय वो, कंपाउंड विमानात नेऊ देतात का?" कंपाउंड म्हणजे टोकांना कॅम, म्हणजे चाकं, असलेलं धनुष्य. नेऊ देतात. केबिनमध्ये नाही, चेक-इनमध्ये. धनुष्य, बाण, ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक), ॲलन कीचा सेट, रिलीज (दोरी सोडायचा चाप), सगळं खाली, त्यात वाद नाही. खरा घोळ कशात घालून न्यायचं याचा आहे आणि तो घोळ मी दोन वर्षांपूर्वी न्यूझीलंडला मावसभावाकडं जाताना भरपूर घातलाय, म्हणून दाजींना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो, अजून कुणाच्या कामाला आलं तर बरंच.

आधी एक, कारण कुणीतरी विचारणारच. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, सोलापुरात आम्ही जे काय मारतो ते फोमच्या टार्गेटवर. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघं कंपाउंडचे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासनं निदान हे काय आहे ते लोकांना सांगावं लागत नाही, आधी चाकं लावलेलं धनुष्य म्हणून हसायचे. बाहेर मात्र देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये धनुष्यानं शिकार चालतच नाही. साऊथ आफ्रिकेत चालते पण परदेशी माणसाला तिथल्या नोंदणीकृत प्रोफेशनल हंटरबरोबरच. न्यूझीलंडमध्ये तर हरणं आणि ताहर (रानबकऱ्यासारखं जनावर) कमी करा म्हणून सरकारच मागं लागलेलं असतं, आणि गंमत म्हणजे हे ताहर आपल्याच हिमालयातलं, १९०४ ला तिकडं नेऊन सोडलं आणि आता डोंगरावरचा झाडपाला फस्त करतंय. बंदुकीला तिथं परवाना लागतो, धनुष्याला नाही, म्हणून तर बरेच जण धनुष्य नेतात.

आता मुद्दा. तीन आकडे डोक्यात पक्के ठेवा, बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. १५८ सेंटिमीटर, म्हणजे बॅगेची लांबी अधिक रुंदी अधिक उंची, चाकं आणि हँडल धरून. २३ किलो, इकॉनॉमीत एका बॅगेला सहसा एवढंच, काही कंपन्या नगावर न जाता एकूण वजन धरतात ते तिकिटावर बघायचं. आणि १५ किलो, हा आपल्यासारख्या गावातनं निघणाऱ्यांचा आकडा, कारण देशांतर्गत तिकिटावर सहसा एवढंच मिळतं. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरनं २०२५ मध्ये विमानं सुरू झाली तसे सगळे खूष झाले, पण मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं आणि पुढचं वेगळं, तर पुढची २३ ची सवलत इथं कुणी धरत नाही, जादा किलोचे पैसे सोलापुरातच मोजायचे. एकाच पीएनआरवर मिळालं तर ठीक, नाहीतर सरळ रेल्वे.

आणि रेल्वेच माझा घात करून गेली. पहिल्यांदा मी मऊ बॅग घेतलेली, पाठीवर अडकवायची, आत फोम, दिसायला एकदम झकास. विमानाची भीती एवढी की मुंबईला विमानतळावर ती बॅग मोठ्या खोक्यात घालायची म्हणून सगळी तयारी केलेली. रात्रीची गाडी, खालच्या बर्थखाली बॅग सरकवली आणि झोपलो. दौंडला का कुठंतरी एक कुटुंब चढलं, त्यांनी पत्र्याची ट्रंक पायानं ढकलत ढकलत आत घातली, ती कुठं जाऊन थांबली ते सांगायला नको. मला काही कळलंच नाही. मुंबईत बॅग वरनं ठीक दिसली, खोक्यात घातली, गेली. न्यूझीलंडात हॅमिल्टनला भावाच्या मागच्या अंगणात वीस मीटरवरनं पहिला बाण सोडला तर तो टार्गेटच्या डावीकडनं मेंढ्यांच्या कुंपणात. साईटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, ब्रॅकेट पिळलेला. दीड दिवस त्यात गेला, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा तिथं हरणांचा माजाचा काळ असतो आणि माणसं तेवढ्या दोन-तीन आठवड्यांसाठी वर्षभर थांबतात. म्हणून माझं म्हणणं असं की सोलापूरकरानं केस निवडताना मुंबई ते पुढचा प्रवास बघूच नये, सोलापूर ते मुंबई हा साडेचारशे किलोमीटरचा तुकडा बघावा.

तर हार्ड केस. कंपाउंडला माझं मत हेच, आणि दाजींनाही हेच सांगितलंय. कारण कंपाउंड सुटं होत नाही, बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरायचं यंत्र) दोरी उतरत नाही, म्हणजे अख्खंच्या अख्खं, ताणलेलं, कॅमसकट न्यावं लागतं आणि कॅमला किंवा साईटला धक्का लागला की संपलं. प्लानो कंपनीची साधी केस हलकी असते, एसकेबी कंपनीची जाड आणि जड, पण हिच्यावर दोन ट्रंका ठेवल्या तरी काही होत नाही. तोटा वजनाचा. केस साताठ किलोची धरा, ॲक्सेसरीसकट धनुष्य तीनेक किलो, डझनभर बाण म्हणाल तर जेमतेम ३५० ग्रॅम, मग २३ मध्ये अकरा-बारा किलो उरतात आणि तिथं कपडे कोंबायचे. मी आधी आपली चादर गुंडाळली होती कॅमभोवती, सोलापूरचा माणूस दुसरं काय करणार, पण चादर लई वजन खाते. टेरी टॉवेल बरे. चार टॉवेल घेतले, दोन कॅमला, एक साईटला, एक बाणांच्या व्हेनजवळ (मागच्या पिसांजवळ), आणि तिथं पोचल्यावर टॉवेल म्हणून वापरले. दुसरा तोटा मापाचा. बऱ्याच केस ४२ इंच बाय १६ बाय ६ अशा काहीतरी असतात, बेरीज ६४ इंच, आणि १५८ सेंटिमीटर म्हणजे ६२ इंच. दोन इंचासाठी ओव्हरसाइजचे पैसे लागतील का नाही ते काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर. ऑनलाइन मापं देतात ती कधीकधी आतली असतात, म्हणून शक्यतो दुकानात टेप घेऊन जा, लाजू नका.

मोठी सुटकेस हा पर्याय रिकर्व्हवाल्यांसाठी (बिनचाकांचं, टोकं वळलेलं, सुटं होणारं धनुष्य) सोन्यासारखा आहे. रायझर (मधला मुठीचा भाग) २५ इंची, म्हणजे ६३-६४ सेंटिमीटर, लिम्ब (वरची-खालची वाकणारी पाती) काढले की वेगळे, स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा) वेगळा, सगळं नेहमीच्या २८ इंची बॅगेत कपड्यांच्या मधे जातं आणि बाहेरनं कुणाला कळत पण नाही आत काय आहे. चोरीच्या दृष्टीनं हे फार भारी, हार्ड केस बघितली की आत काहीतरी महागाचं आहे हे सगळ्या जगाला कळतं. २९ इंची बाण तिरके ठेवायचे, किंवा हार्डवेअरच्या दुकानातनं पीव्हीसी पाइप आणायचा आणि दोन्हीकडनं टोपण. पाइप बॅगेत बसेल एवढाच कापायचा, आधी बाण मोजून, मी आधी पाइप कापला आणि मग मोजलं. पण कंपाउंड? एका कॅमच्या ॲक्सलपासनं दुसऱ्याच्या ॲक्सलपर्यंत ३१ इंच असलं तरी कॅमच्या बाहेरच्या कडा धरून ३४-३५ होतं आणि २८ च्या बॅगेत तिरकंसुद्धा बसत नाही. ३२ इंची बॅग घ्यावी तर ती बऱ्याचदा १५८ च्या बाहेर. म्हणजे ज्या त्रासातनं सुटायला सुटकेस घेतली तोच त्रास परत.

गोल्फची चाकंवाली बॅग हा जुगाड मला भावाच्या मित्रानं सांगितला. बऱ्याच कंपन्यांकडं गोल्फचं सामान खेळाचं म्हणून ठरलेल्या नियमात बसतं, लांबीची कटकट कमी, आत धनुष्य, बूट, जाकीट, सगळं एकत्र जातं. ऐकायला छान. पण मऊच ती, आणि माझी ट्रंकेची गोष्ट वर वाचलीच. शिवाय काउंटरवर गोल्फ आहे म्हणून सांगायचं आणि स्कॅनमध्ये कॅम दिसायचा, असलं खोटं मला नाही जमत. आर्चरीचं सामान आहे म्हणून आधी फोन करून लिहून घेतलं तर हा पर्याय वाईट नाही, विशेषतः घरनं थेट मुंबईपर्यंत स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना. फक्त गाडीची डिकी. मे महिन्यात सोलापुरात ४३-४४ डिग्री असतं, बंद डिकीत त्याच्याहून कितीतरी जास्त, दोरीवरचं मेण पाघळतं, दोरी ताणते, कॅमचा टायमिंग हलतो. विमानाच्या खालच्या भागाला सगळे उगाच घाबरतात, तिथं दाब केबिनएवढाच असतो. टेंभुर्णीच्या ढाब्यावर उन्हात उभी केलेली गाडी जास्त वाईट.

राहिला भाड्याचा पर्याय, म्हणजे हात हलवत जायचं आणि तिथलं धनुष्य वापरायचं. दाजींच्या मनात हेच जास्त होतं, कारण आफ्रिकेतले बरेच आउटफिटर (शिकारीची सोय करणारे) धनुष्य देतात. सामानाची सगळी कटकट गेली हे मान्य. पण ड्रॉ लेंथ (दोरी किती मागं ओढायची ते माप) तुमची २८ इंच, त्यांचं सेट ३० वर, ओढायचं वजन ७० पाउंड, साईटच्या पिना दुसऱ्याच्या बाणाला लावलेल्या, डावखुरे असाल तर विषयच संपला. टार्गेटवर चुकलं तर हसून सोडतो, तिथं जनावर नुसतं जखमी होऊन झाडीत जातं, ते एक वाईट, आणि साऊथ आफ्रिकेत रिवाज असा की जखमी करून सापडलं नाही तरी मारलं असंच धरून पूर्ण पैसे द्यायचे. मी दाजींना एवढंच सांगितलं की कुडूचे पैसे आणि केसचे पैसे शेजारी शेजारी लिहा. भाड्याचं मी फक्त दोघांना सुचवेन, एक म्हणजे जो ऑफिसच्या कामानं जातोय आणि दोन दिवस मधे मिळालेत, पण तोही आधी एक अख्खा दिवस टार्गेटवर घालवायला तयार असेल तर. दुसरा म्हणजे ज्याचा तिकडं सख्खा माणूस आहे आणि महिनाभर आधी धनुष्य त्याच्या मापाला लावून ठेवणार आहे.

कशातही न्या, काही गोष्टी त्याच. ब्रॉडहेड बाणाला लावून कधी ठेवू नका, काढून त्यांच्या कडक डबीत, बॅग उघडणाऱ्याचं बोट कापलं तर तुमची ट्रिप तिथंच. साईट, रेस्ट (बाण टेकवायचा भाग), पीप (दोरीतलं बघायचं भोक) जिथं आहेत तिथं पांढऱ्या मार्करनं बारीक रेघ मारा आणि फोनवर फोटो काढा, माझ्याकडं हे असतं तर दीड दिवस वाचला असता. लिम्बचे बोल्ट सैल करायचे का हे सगळे विचारतात, मी करत नाही, कंपाउंड ताणलेलंच राहायला बनवलेलं असतं, आणि सैल केलंच तर किती फेरे ते लिहून ठेवा. आतमध्ये इंग्रजीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी, दोरी ओढू नका. चेष्टा नाही, तपासणारा माणूसच असतो, त्याला पण हात लावावासा वाटतो, आणि बाणाशिवाय ओढून सोडलं तर लिम्ब तडकू शकतो. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायचं यंत्र) सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्ये, खाली नाही.

अजून एक, हे फार कमी जण करतात. मुंबईत चेक-इनच्या आधी कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बिल आणि सीरियल नंबर दाखवून. नाहीतर परत येताना लाखाचं धनुष्य बाहेरनं आणलं का म्हणून कुणी ड्युटी मागितली तर तिथं उभं राहून काय सिद्ध करणार? अर्धा तास जास्त धरा. न्यूझीलंडवाल्यांनी बूट आणि बाण धुऊन न्या, माती असली तरी डिक्लेअर करा, शेंगाची चटणी असली तरी करा, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मी चटणी डिक्लेअर केली, त्या बाईनं डबा उघडून वास घेतला, परत लावला आणि जा म्हणाली.

दाजींना माझीच केस देतोय, नवीन घ्यायची गरज नाही. फक्त त्यांचं धनुष्य ३३ इंची आहे आणि माझं ३१, तेव्हा केसमध्ये बसतंय का ते बघायला बुधवारी येतायत, येताना ताईचा स्वयंपाकघरातला नको, बॅग अडकवायचा वजनकाटा आणा म्हणून सांगितलंय.