आंब्याच्या बागेवर आखलेल्या वाटेने ड्रोन: आठ महिन्यांचा अनुभव

देवगडजवळ काकांची हापूसची बाग आहे. मोहोर कुठे फुटला, कुठे गळाला, हे दर महिन्याला त्याच उंचीवरून, त्याच कोनातून बघायचं म्हणून वेपॉइंटची (म्हणजे आधी नोंदवलेल्या बिंदूंवरून आपणहून उडण्याची) सोय असलेला 249 ग्रॅमचा ड्रोन घेतला. पहिल्यांदा हाताने उडवून अकरा बिंदू नोंदवले. आता बटण दाबलं की तो आपणहून फेरी मारतो. दोन महिन्यांचे व्हिडिओ शेजारी लावले की काकासुद्धा चष्मा पुसून बघतात.

पण एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. माझ्या ड्रोनला उंची कळते ती उड्डाणाच्या जागेपासूनची, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. जानेवारीत आळस केला आणि नेहमीच्या सड्याऐवजी (वरच्या कातळाच्या सपाटीऐवजी) खालच्या अंगणातून सोडला. सगळी वाट तेवढीच खाली उतरली आणि स्वारी थेट माडाच्या शेंड्याकडे! थांबवा बटणावर अंगठा होता म्हणून वाचलो. पुढचे अडथळे त्याला दिसतात म्हणे, पण झावळीची टोकं आणि विजेची तार यांच्या बाबतीत माझा विश्वास नाही. आता सड्यावर चुन्याने फुली मारून ठेवलीय.

सिग्नल तुटल्यावर पुढे जायचं की परतायचं, हे आधी ठरवता येतं. मी परतायचं ठेवतो, तेही सर्वांत उंच माडाच्या वरून. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघतोच. त्यावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यातही 400 फुटांची मर्यादा आहे.

बॅटरी मात्र वाऱ्यात लवकर उतरते. घारी घिरट्या घालायला लागल्या की मी सरळ खाली उतरवतो. पाचपैकी चार तारे.