जुनी ट्रॅव्हलर ॲम्ब्युलन्स : इंजिन ठणठणीत, डबा म्हातारा

इंदुरात एका ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सवर मी ड्रायव्हर आहे. गाडी फोर्स ट्रॅव्हलर, २०१२ची, अजून रोज रस्त्यावर. नव्या गाड्यांबद्दल लिहिणारे ढिगाने आहेत. पण गावोगावची मंडळं, ट्रस्ट, छोटी हॉस्पिटलं बहुतेक वापरलेलीच गाडी घेतात, आणि घेण्याआधी माझ्यासारख्याला फोन करतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

इंजिनाचं थोडक्यात उरकतो. ट्रॅव्हलरचं मूळ मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनमध्ये. बजाज टेम्पोने ती इकडे आणली, पुढे २००५मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. इंजिनही मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेलच्या घराण्यातलं. तेल वेळेवर बदला आणि थंडीत सेल्फ मारल्या मारल्या रेस देऊ नका, एवढंच त्याचं मागणं. गाडी बनते इंदूरजवळच, आपल्या पिथमपुरात, त्यामुळे स्पेअरची ददात नाही. ट्रान्सपोर्ट नगरात गेलं की क्लचप्लेटपासून दाराच्या हँडलपर्यंत सगळं मिळतं, आणि इथले मिस्त्री ही गाडी डोळे मिटून खोलतात. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो केबिनमधल्या आवाजासाठी. शेजारी बसलेल्या नातेवाइकाशी ओरडून बोलावं लागतं, आणि त्याला वाटतं मी त्याच्यावर खेकसतोय.

विकणारा आधी मीटर दाखवतो. बघा, पण त्यावर जाऊ नका. ॲम्ब्युलन्स, पोलिसांची गाडी आणि बंब, या तिघांचं मीटर अर्धीच हकिगत सांगतं. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात बेडची व्यवस्था होईस्तोवर गाडी चालू ठेवावी लागते, कारण मागे पेशंट असतो, एसी असतो, इन्व्हर्टरवर मशीन असतं. काटा हलत नाही, इंजिन मात्र झिजतं. बंबाचं तर याहून वरताण. इंदुरात अग्निशमन वर्षानुवर्षं पोलीस खात्याकडे राहिलेलं, त्यामुळे मोती तबेल्याच्या फायर स्टेशनातून निघणारा बंब म्हणजे एका परीने पोलिसांचीच गाडी. त्याचा पंप इंजिनावरच, पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी) लावून चालतो. आगीपाशी उभा राहून तो तासन् तास गरजतो आणि मीटरवर जायचे-यायचे तेवढेच किलोमीटर पडतात. पोलिसांच्या डायल १०० सेवेच्या टाटा सफारी आठवा. १ नोव्हेंबर २०१५ला अख्ख्या मध्य प्रदेशात अशा हजार गाड्या आल्या आणि ऑगस्ट २०२५मध्ये डायल ११२ ही नवी सेवा सुरू होईपर्यंत दशकभर तीच सेवा चालली. रात्र रात्र चौकात दिवे फिरवत, वायरलेस चालू ठेवून उभं राहायचं म्हटल्यावर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच दमणार.

तेव्हा इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडा. भकाभका धूर वर आला तर मीटर काहीही म्हणो, ती गाडी उभ्या उभ्या म्हातारी झालेली आहे.

आता खरा मुद्दा, मागचा डबा. जुनी ॲम्ब्युलन्स पुढून नाही, मागून मरते. चासी कंपनीची असते, पण आमच्या गाडीसारख्या कितीतरी गाड्यांचा आतला संसार कुणीतरी फॅब्रिकेटर थाटतो. पत्रा, प्लाय, रेक्झिन, बिजागऱ्या, सिलिंडरचे पट्टे, सगळं त्याच्या हातचं. एकाची कारागिरी वीस वर्षं टिकते, दुसऱ्याची दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागते.

मागचं दार घ्या. रबर कडक झालं की फट पडते, आणि चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते ती धूळ आणि स्वतःचाच धूर त्या फटीतून आत ओढते. बडवाहहून एका आजींना आणत होतो, खंडवा रोडने. भेरूघाट चढताना त्यांच्या मुलाने हवा यावी म्हणून बाजूची खिडकी उघडली. आमचा अटेंडंट म्हणाला, “भाऊ, ती लावा आधी.” मुलाला राग आला, आईला गुदमरतंय आणि हा खिडकी लावायला सांगतो! पण बाजूची खिडकी उघडली की मागून ओढ आणखी वाढते. इंदुरात उतरवताना पाहिलं, आजींच्या ऑक्सिजन मास्कच्या पारदर्शक कडेवर राखाडी धुळीची बारीक रेघ बसली होती. दुसऱ्याच दिवशी दाराचं रबर बदलून घेतलं आणि सायलेन्सरचं तोंड मागून बाजूला वळवून घेतलं. खर्च किरकोळ, फरक जमीन-अस्मानाचा. गाडी पाहायला जाल तेव्हा स्वतः मागे बसा, दारं लावून घ्या आणि दुसऱ्याला कच्च्या रस्त्यावर चालवायला सांगा. नाक आणि रुमाल सगळं सांगतील.

दुसरं, स्ट्रेचरचं लॉक. ट्रॉली आत सरकवली की खालच्या खिट्टीत ‘खट्’ असा एकच आवाज यायला हवा. जुन्या गाडीत तो ‘खट्-खळ्ळ’ येतो, म्हणजे खिट्टी झिजली. ब्रेक मारला की ट्रॉली दोन बोटं पुढे येते. तुम्हाआम्हाला दोन बोटं काहीच नाहीत. कंबरेचं हाड मोडलेल्या माणसाला विचारा. लोकमान्य नगरातले एक आजोबा त्या अवस्थेतही मला म्हणाले, “अरे, जरा बैलगाडीसारखी चालव की.” त्यांचं बरोबरच होतं, बैलगाडी निदान एकदम थांबत नाही.

पाट्यांबद्दल, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांबद्दल, लोक नेहमी विचारतात. ही चासी भरलेल्या मिनीबसचं ओझं वाहण्यासाठी आहे. ॲम्ब्युलन्समध्ये चार-पाच माणसं, एक ट्रॉली, सिलिंडर. ओझं नसलं की पाटे दबत नाहीत आणि स्पीडब्रेकरवर मागचा भाग उडतो. काही जण एक पाटा काढून टाकतात. मला ते पटत नाही, वळणावर गाडी कलते. चांगले शॉकअप टाका आणि टायरमध्ये हवा ठासून भरू नका. बाकी ड्रायव्हरच्या पायावर आहे.

वायरिंग बघून तर मला धसकाच बसतो. हूटर एकाने बसवलेला, वरचा दिवा दुसऱ्याने, इन्व्हर्टर तिसऱ्याने, आणि सगळ्यांनी वायर ओढली एकाच ठिकाणाहून, वर काळी टेप. जिथे ऑक्सिजन आहे तिथे ठिणगी पडून चालतच नाही. जुनी गाडी घेतली की मागचं सगळं वायरिंग उपटून फेका आणि प्रत्येक वस्तूला वेगळा फ्यूज देऊन नव्याने करा. इथे काटकसर नको.

ऑक्सिजनचा हिशेबही जुन्या गाडीत वेगळा ठेवावा लागतो. डी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर गॅस. मिनिटाला १० लिटर लावला तर कागदावर साडेअकरा तास. इंदूर-मुंबई जवळपास ६०० किलोमीटर, म्हणजे कागदावर जेमतेम पोचतो. पण पाइपच्या जोडातून सू-सू गळत असेल तर नाशिकच्या अलीकडेच काटा लाल पट्टीत जायचा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. लांबच्या फेरीला दुसरा सिलिंडर असल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही, ट्रस्टी काहीही म्हणोत.

गंमत अशी की यातलं बरंचसं फिटनेसला तपासलंच जात नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणीला न्यावं लागतं. तिथे ब्रेक, दिवे, धूर पाहतात आणि ते योग्यच आहे. स्ट्रेचरची खिट्टी मात्र तिथे कुणी हलवून पाहिलेली मला आठवत नाही. ॲम्ब्युलन्सचे ए ते डी असे चार प्रकार ठरवणारं एआयएस-१२५ हे मानक आहे, पण आमची गाडी त्याच्या आधीची. सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांची हद्द लागली, खाजगी ट्रस्टची गाडी मात्र फिटनेस मिळेल तोवर पळते. म्हणून डबा तपासायचं काम आपल्याच गळ्यात.

ट्रॅव्हलरची एक अडचण मात्र जन्माचीच आहे, ती वयाची नाही. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत, संध्याकाळच्या सराफ्यात ती शिरत नाही म्हणजे नाहीच. तिथे अजून जुनी मारुती ओम्नी लागते, सव्वातीन मीटरच्या जरा वर लांबी आणि दीड मीटरहून कमी रुंदी. आत अटेंडंटला गुडघे पोटाशी घ्यावे लागतात आणि सीपीआर देणं अशक्यच, पण ती दारापर्यंत पोचते. २०१९पासून ती बनत नाही. शहरातल्या मंडळाने जमलं तर एक धडधाकट ओम्नी राखून ठेवावी, गल्लीतून पेशंट बाहेर काढायला.

रस्त्याचं म्हणाल तर ॲम्ब्युलन्सला वाट न देण्याला २०१९पासून दहा हजारांपर्यंतचा दंड आहे. पलासिया चौकात उभं राहून मला अजून तो कुणाला झालेला दिसला नाही. बीआरटीएसची, म्हणजे बससाठी राखीव, लेन होती तोवर त्यातून निघून जायचो, आता तीही गेली. हूटर नवा असो की जुना, इथले ‘भिया’ म्हणजे भाऊ लोक तेवढ्याच निवांतपणे आरशात बघतात.

एकूण काय, विकत घेताना इंजिनावर भाव करा आणि डब्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. सध्या आमच्या कमिटीत दोन तट आहेत, एकाला गाडी विकून नवी हवी, दुसऱ्याला आहे तशीच चालवायची आहे. मी सांगून ठेवलंय, चासी राहू द्या, मागचं सगळं उतरवून नव्याने करा, आणि फॅब्रिकेटर निवडायला मला बरोबर न्या. बैठक पुढच्या रविवारी आहे.